पट्टा शिवणारीनं आधी लटकायचं

मी लष्करात वजन होते.

हसू नका. लष्करात कुणी सुभेदार असतो, कुणी आचारी असतो, कुणी खेचरांचा डॉक्टर असतो. मी वजन होते. हेलिकॉप्टरच्या दारातून तारेचा दोर खाली सोडतात, दोराच्या टोकाला पट्टा असतो, त्या पट्ट्यात जखमी माणसाला अडकवतात आणि वर ओढून घेतात. तो पट्टा माणूस पेलतो की दगा देतो हे बघायला आधी वाळूचं पोतं लटकवायचे आणि पोत्यानंतर मला. पोतं किंचाळत नसे, एवढाच आमच्यात फरक.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा नात म्हणाली, "आजी, तू तर ब्लाउज शिवायचीस. त्यात काय लिहिणार?" खरं आहे. जन्मभर ब्लाउजच शिवले. मुळशीतल्या बायका कोणत्या वर्षी सुटल्या आणि कोणत्या वर्षी वाळल्या हे सगळं माझ्या बोटांना ठाऊक आहे, आणि ते छापलं तर ऐन दिवाळीत गावात भांडणं लागतील. म्हणून पासष्टच्या पावसाळ्याचंच लिहिते. त्या पावसाळ्यात मी ब्लाउज सोडून दुसरंच काहीतरी शिवत होते.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. माहेर माले गावचं, सासर मुळशीचं, नवं नवं लग्न. पौडच्या सरकारी शिवणवर्गात पहिली आले होते, आणि त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला येतं अशी माझी पक्की समजूत. आरशासमोर उभी राहिले की मी स्वतःलाच "बाई" म्हणायचे. आता ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी पोटभर हसेन आणि मग जवळ बसवून दोन गोष्टी सांगेन, ज्या ती ऐकणार नाही.

त्या पावसाळ्यात धरणाच्या पाण्याकाठी तंबू पडले आणि एक हेलिकॉप्टर आलं. सीमेवर कुरबुरी सुरू होत्या. तिकडे नद्या, कालवे, चिखल. गाडी पोचत नाही अशा जागी जवान जखमी होऊन पडला तर त्याला वरच्या वर उचलून आणायचं. त्याची तालीम करायला आमची मुळशी निवडली होती. पाणी आहे, उभे डोंगर आहेत, आणि वारा तर असा की वाळत घातलेलं लुगडं शेजारच्या गावात सापडावं. इथं जमलं की कुठंही जमेल, असा हिशोब.

उचलायचे पट्टे सारखे झिजायचे. ते शिवायला तंबूवाल्यांनी आधी आमच्या धोंडीबा शिंप्याला नेलं. तो सुईत दोरा ओवत होता आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर सुरू झालं. धोंडीबा अनवाणी घरी आला. वहाणा तिकडेच. म्हणाला, "मी धोतरं शिवतो. इमानं शिवत न्हाई."

मग सार्जंट कदम आमच्या दारात आले. हे साताऱ्याकडचे, मिशा अशा की दारातून आधी मिशा आत यायच्या आणि मग कदम. हेलिकॉप्टरचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात. दारात उभं राहून दोर खालीवर करायचं कामही त्यांचंच. त्यांनी विचारलं, "हितं शिवणारं कोन हाय?"

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सून शिवती की. काय बी शिवल. येक सवताचं तोंड तेवढं शिवत न्हाई."

झालं, मी लष्करात.

शिवणकाम न कळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पट्टा म्हणजे खाटेला लावतात तसली नवार, पण चांगली जाडजूड. ती पाठीवरून फिरते, दोन्ही काखांतून पुढे येते आणि छातीशी एका बक्कलात अडकते. बक्कलाला आतून दाते असतात. माणसाचं वजन आलं की दाते नवारीत रुततात आणि पकड बसते. जिथं नवारीवर नवार येते तिथं चौकोन शिवायचा आणि त्या चौकोनात फुली मारायची. दोरा मेण लावलेला. माझं हातमशीन त्या नवारीवर आलं की म्हाताऱ्यासारखं कण्हायचं, म्हणून बरेचसे टाके हातानेच. बोटांची चाळण झाली. पण पहिला पट्टा झाला तो असा देखणा झाला, की मी तो गळ्यात घालून आत्याबाईंना दाखवून आले.

कदमांनी तो ओढून पाहिला, उलटा करून पाहिला, फुलीवर नख फिरवलं. "ब्येस झालाय. घाल."

"काय घालू?"

"पट्टा घाल अंगात. वर जायचंय."

"मी?"

"मंग काय माझी आजी? पोरी, आमच्यात रीत हाय. पट्टा शिवणारीनं आधी लटकायचं. मंग जवानाला लटकवायचं. सवताला लटकायचंय म्हणलं की टाका आपसूक घट्ट पडतो."

मी पट्टा त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. "मग द्या इकडं. परत शिवते."

कदम इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मी मात्र खरंच घरी जाऊन प्रत्येक फुलीवर दुसरी फुली मारली. पौडच्या वर्गातली पहिली आलेली मी, ब्लाउजाला जसे टाके घालतात तसे घातले होते. ब्लाउज उसवला तर फार तर लाज जाते.

हेलिकॉप्टर चालवणारे वानखडेसाहेब अमरावतीकडचे होते. उंच, सडपातळ, आणि बोलणं असं गोड की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. मला वहिनी म्हणायचे. त्यांना काळजी माझ्या लुगड्याची. "वहिनी, वरून पंख्याचा वारा लय येते. लुगडं सांभाळसान नं?"

आत्याबाई काठावर येऊन उभ्याच होत्या. म्हणाल्या, "कासोटा घातल्याल्या बाईला काय व्हतंय? तुमच्या पाटलोणीपरीस घट्ट हाय."

कदमांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. हात वर करायचे नाहीत. दंड अंगाला आवळून ठेवायचे. हात वर गेला की पट्टा काखेतून सरकतो आणि माणूस खालून निसटतो. "हिकडं वाघ आला तरी हात वर न्हाई. कळलं?" मी म्हटलं, कळलं. मला सगळंच कळायचं.

आणि मी उडाले.

आता हे कसं सांगू? आधी पायाखालचं गवत सुटलं. मग पायातल्या जोडव्यांना वारा लागला. जोडव्यांना कधी वारा लागलाय का तुमच्या? मग काठ खाली गेला, काठावरची माणसं खाली गेली, आत्याबाई खाली गेल्या! ज्यांच्यापुढे मी मान वर करत नव्हते त्यांच्या डोक्याचा भांग मला वरून दिसत होता. मी गरगर फिरत होते. डोंगर, पाणी, तंबू, डोंगर, पाणी, तंबू. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यांदा ओव्या म्हणायला लागले. ऐकू कुणालाच येत नव्हत्या, मलाही नाही. खाली आमचे हे, म्हणजे माझे यजमान, होडी घेऊन तयार होते. ते धरणावर होडी चालवायचे आणि पाण्यात कुणी पडलं तर काढायचं काम त्यांच्याकडे होतं. मी त्यांच्याकडे बघून हसले. ते आ वासून बघत होते.

आणि मग एका गरक्यात मला काठावर मामंजी दिसले. माझे सासरे. शेतावरून नुकतेच आलेले, काठी टेकून वर बघत होते.

पदर डोक्यावरून पडला होता.

पुढचं तुम्हाला बायकांना सांगायला नको. सासरे समोर, डोकं उघडं. माझा हात आपोआप वर गेला. मी काही विचार केला नाही, हातानेच केला. पदर हातात येईपर्यंत पट्टा काखेतून निघून गेला होता आणि मी धरणात. पडता पडता मात्र पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, एवढं मी अभिमानानं सांगते. मामंजींनी मला पाण्यात जाताना पाहिलं ते डोक्यावर पदर घेऊनच.

यांनी केस धरून वर काढलं आणि होडीत टाकलं. म्हणाले, "कुटं चालली व्हतीस?"

"पदर घेत व्हते."

"आगं पण हवंत?"

त्या दिवसापासून कदमांनी हुकूम काढला. मी लटकत असले की मामंजींनी डोंगराकडे तोंड करून उभं राहायचं. मामंजी बिचारे पावसाळाभर डोंगर बघत राहिले.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. पलीकडच्या डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर एका धनगराचा मेंढा कड्याच्या कपारीत उतरला आणि त्याला वर येता येईना. धनगर तंबूवर आला आणि कदमांचे पायच धरले. वानखडेसाहेबांना ही आयती तालीम मिळाली. मेंढ्यासाठी पोटाखालून जाणारा वेगळा पट्टा मला शिवायला सांगितला. मी तो शिवला आणि निघाले घरी.

"कुटं?" कदम म्हणाले.

"आता मेंढ्याच्या पट्ट्यात पण मीच?"

"रीत म्हंजी रीत."

मग मी पोटावर आडवी लटकले. चार पाय चारीकडे. खाली सगळं गाव. आत्याबाईंनी हात कपाळाला लावून विचारलं, "आता बें बें करतीया का काय?" मी केलं. काय करणार, आलंच तोंडातून. मेंढा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. हूं की चूं न करता वर आला, आणि खाली ठेवल्यावर वानखडेसाहेबांनाच ढुशी मारायला धावला. धनगर म्हणाला, "साह्येब, त्याचं मनावर घिऊ नका. त्यो मला बी मारतो."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मला वाटायचं लष्कर म्हणजे जत्रेतला पाळणा. ती तालीम कशाची आहे हे मी विसरलेच होते. मग लढाई सुरू झाली.

चावडीवरच्या रेडिओभोवती माणसं जमायला लागली. तंबूत हसणं बंद झालं. एके दिवशी दुपारी कदम म्हणाले, "हुकूम आलाय. उद्या निघायचं. पट्टे सगळे गोळा करून ठेव, पोरी."

मी पट्टे घरी घेऊन आले. जमिनीवर ओळीनं मांडले. आणि माझ्या मनात माया दाटून आली. ही माया फार वाईट गोष्ट, अक्कल नसेल तर. मला वाटलं, हे पट्टे आता पावसापाण्यातून, चिखलातून जाणार. आमच्याकडे पावसाळ्याआधी बैलाच्या वाद्यांना, पट्ट्यांना, वहाणांना करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोळतात. पाणी मुरत नाही, बुरशी धरत नाही, उंदीर तोंड लावत नाही. आत्याबाईंकडे बुधला भरलेला होता. मी बसले आणि सगळ्या पट्ट्यांना तेल चोळलं. नवारीला चोळलं, बक्कलाला चोळलं, बक्कलाच्या दात्यांत बोट घालून घालून चोळलं. मनात म्हणत होते, माझ्या पट्ट्यात बसणाऱ्याला काही होऊ नये. बैलालासुद्धा मी इतक्या प्रेमानं तेल लावलं नव्हतं.

सकाळी गाठोडं घेऊन गेले. कदमांनी लांबूनच नाक वर केलं.

"वास कसला गं?"

मी लाजून म्हटलं, "करंजेल लावलंय. पान्यात टिकतील आता."

कदमांनी गाठोडं सोडलं. एक पट्टा घेतला, त्यात वाळूचं पोतं अडकवलं आणि तंबूच्या आडव्या खांबावरून दोघा माणसांकडून ओढवलं. पोतं गुडघाभर वर गेलं. मग बक्कलातून नवार अशी सरकली, जशी तेल लावलेल्या हातातून बांगडी. पोतं आपटलं आणि फुटलं.

मी त्या वाळूकडे बघत राहिले. तोवर ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बैलाची वादी गाठीनं बांधतात. गाठ तेलानं सुटत नाही. बक्कलाचे दाते सुटतात.

वानखडेसाहेब आले. त्यांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "कदम, नवे पट्टे यायले किती दिवस?"

"लई दिवस, साहेब."

"मग पट्ट्यांशिवाय तिथं जाऊन म्या काय करू? वरून हात हलवू पोराइले?"

मला रडू फुटलं. कदम माझ्यावर खेकसले, "रडतीस काय! तेल तू लावलंस, आता तेल काढायचं कसं ते सांग."

तेल काढायचं कसं, हे मुळशीतल्या कोणत्याही बाईला विचारा. मी तशीच पळत सुटले, "आत्याबाई, रिठे! सगळे रिठे घिऊन चला!"

घराघरांतून रिठे निघाले, शिकेकाई निघाली, चुलीतली राख निघाली. आमच्या आळीतल्या सगळ्या बायका पाण्यावर. हंडे चढले, कढत पाणी आलं. हेलिकॉप्टर तिकडे उभं, आणि इकडे मुळशीच्या बायका हिंदुस्थानच्या लष्कराची धुणी धूत बसलेल्या. बडव बडव बडवलं. एकीनं नवार, एकीनं बक्कल. राखेनं दाते असे घासले की चांदीचे वाटावेत. आत्याबाईंची जीभ धोपटण्याच्या तालावर चालली होती, "म्हणं पैली आली पौडात! कशात आली, तेल लावण्यात?" पण हात त्यांचे सगळ्यांत जोरात चालत होते. वर कडक ऊन पडलं होतं, भाद्रपदातलं. खडकांवर पट्टे वाळत घातले आणि आम्ही बायका त्यांच्याभोवती राखणीला बसलो. जसं काही पापड.

वाळल्यावर वाळूची पोती लटकवली. पट्टे धरायला लागले. कदमांनी माझ्याकडे पाहिलं. मी न सांगता पहिला पट्टा अंगात चढवला.

त्या दिवशी वर जाताना मी ओवी म्हटली नाही. पाण्यावरून हेलिकॉप्टर हळू चाललेलं, आणि दारात उभे राहून कदम दोराला मुद्दाम हिसके देत होते. एक पट्टा झाला की खाली, दुसरा अंगात, पुन्हा वर. गरगर, हिसका, गरगर. सकाळची भाकरी धरणातल्या माशांना पोचली. तरी मी वरून कदमांना खुणावत होते, आणखी हिसका द्या, आणखी. कारण प्रत्येक वेळी मला वाटायचं, सुटायचाच असेल तर आत्ता सुट बाबा. खाली होडी आहे, पाणी आहे, नवरा आहे. तिकडे पोराखाली काय असेल?

आणि एक सुटायला लागला.

बक्कलापाशी कुरकुर झाली आणि मी वीतभर खाली आले. पुन्हा कुरकुर, पुन्हा थोडी. नवार सैल होऊन दंडावर चढली. वाऱ्यानं पदर कधीच उडवून नेला होता, अंबाडा सुटून केस तोंडावर, आणि त्या गडबडीत मामंजी डोंगराकडे बघायचं विसरून सरळ माझ्याकडे बघत होते. मी बघितलं त्यांना. आणि हात वर केला नाही. दोन्ही दंड बरगड्यांत असे रुतवले की पुढे कितीतरी दिवस काळेनिळे होते. मामंजी, आज डोकं उघडंच बघा.

वर दारात कदम बोट दाखवून नाचत होते. मी मरायला टेकले आणि हा बाबा नाचतोय! नंतर कळलं, ते ओरडत होते, "सापडला! सापडला!" मला अलगद होडीवर उतरवलं. त्या बक्कलाचा एक दाता वाकडा निघाला. तो दोष तेलाचा नव्हताच, पण तेल धुऊन पुन्हा लटकले नसते तर कळलाही नसता. तो पट्टा कदमांनी कोयत्यानं तोडला आणि फेकला.

उरलेले पट्टे घेऊन हेलिकॉप्टर दिवस कलता कलता निघून गेलं. वानखडेसाहेब जाताना म्हणाले, "वहिनी, आता जेवा." मला काही जेवण गेलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात मी एक वेगळीच बाई झाले. चावडीवरच्या रेडिओपाशी बायका सहसा जायच्या नाहीत. मी भिंतीआड उभी राहायचे. बातम्यांत गावांची नावं यायची, विमानांची यायची, माझ्या पट्ट्यांचं कुणी काही सांगायचं नाही. पाणी शेंदताना बादली वर येऊ लागली की माझे डोळे मिटायचे. एखाद्या बक्कलाच्या कोपऱ्यात थेंबभर तेल राहिलं असेल तर? एखादा पट्टा धुताना आम्ही गप्पा मारत होतो, तोच असेल तर? आत्याबाईंनी टोमणे मारणं बंद केलं. त्यानं तर मला जास्तच भीती वाटायला लागली.

लढाई थांबली. दिवाळीच्या आधी, भात कापून खाचरं मोकळी झाली तेव्हा, तो आवाज पुन्हा आला. मी हातातलं टाकून पळाले. हेलिकॉप्टर खाचरात उतरलं, पंखा थांबला आणि आतून आधी मिशा उतरल्या. मग कदम, मग वानखडेसाहेब. बारीक झालेले दोघंही.

 कदमांनी पट्ट्यांचं गाठोडं माझ्यापुढे टाकलं. मी तिथंच खाचरात फतकल मारून बसले आणि एकेक पट्टा उलगडून बघायला लागले. नवार बक्कलातून सरकली की तिथं चकाकी येते, दाते घासत गेल्याची लांब खूण राहते. मी नखानं चाचपत होते. पट्टे कळकट झाले होते, चिखल वाळलेला, एकावर रक्ताचा डाग काळा पडलेला. चकाकी कुठंच नव्हती.

"कुणी पडलं का?" मी विचारलं.

"न्हाई," कदम म्हणाले. मग मिशीत हसले. "येक जण पडणार व्हता, तुझ्यासारखाच येडा. कालव्याच्या भरावाआड पडला व्हता, पायात गोळी. वर वढत आणला. दारापाशी आला, आत साहेबाची पाठ दिसली, आन् ह्यानं हात वर केला! सॅल्यूट मारतोय! लटकून! म्या गचुरं धरलं त्याचं आन् आशी शिवी दिली..." शिवी कदमांनी बायकांपुढे सांगितली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "सांगा की." सांगितली. आत्याबाईंना पसंत पडली.

मी हसायला लागले ते थांबेनाच. पोट धरून, खाचरात लोळून. हसता हसता रडत होते. वानखडेसाहेब शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, "आमी गेलो तिथून आणले, वहिनी. जिथं पोचता नाही आलं ते..." आणि थांबले. ते त्यांनी पुढे सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आजही वाटतं, विचारायला हवं होतं. त्यांना कुणाला तरी सांगायचं असेल.

पण मनातून मला अजून खात्री वाटेना. साहेब लोक बाईमाणसाला रडवायला नको म्हणून गोड बोलतात, एवढं मला कळत होतं. वानखडेसाहेबांनी ते ओळखलं असावं. उठून म्हणाले, "चला, आज आत बसा. किती दिवस खालीच लटकसान?"

खरंच की. इतक्या वेळा उडाले, पण दारापर्यंत न्यायचे आणि खाली सोडायचे. आत मी पाऊलही ठेवलं नव्हतं. मामंजींची परवानगी विचारायला वळले तर ते शिस्तीनं डोंगराकडे तोंड करून उभे होते.

मी आत चढले. कदमांनी मला दाराशी खाली बसवलं, जिथं जखमींना घेतात तिथंच. पंखा फिरला, खाचर सुटलं, आवाज कानात भरला. साहेब मला धरण दाखवायला निघाले होते. सगळं गाव खालून हात हलवत होतं म्हणे. लोक आजही विचारतात, आतून मुळशी कशी दिसली? मला ठाऊक नाही. मी बाहेर बघितलंच नाही.

मी जमिनीकडे बघत होते. हेलिकॉप्टरच्या पत्र्याच्या जमिनीवर ओरखडे होते. खिळ्यांच्या बुटांचे. जवानाला पट्ट्यासकट आत ओढलं की त्याच्या टाचा पत्र्यावरून घासत येत असणार. दाराच्या कडेपासून सुरू होऊन ते ओरखडे आतपर्यंत आले होते. काही सरळ, काही वाकडे, एकावर एक, नांगरलेल्या वावरासारखे दाट. मी हात लावला. बोट त्यांच्यावरून दारापासून आत नेलं. पुन्हा दारापासून आत. एकेक करून सगळ्यांवरून नेत राहिले, तोवर हेलिकॉप्टर खाली टेकलंसुद्धा.

मी खाली उतरले. आत्याबाईंनी दंड धरला आणि अधीर होऊन विचारलं, "काय दिसलं गं वरून?"

"सगळी आत आली, आत्याबाई."

"कोन?"

"पोरं," म्हणत मी मागं दाराकडे बोट केलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हेलिकॉप्टरच्या दाराकडे पाहिलं. आणि चारचौघांत, मामंजींच्या देखत, माझा पडलेला पदर उचलून स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवला.